मुरबाडच्या बाजारात मागितलेला फुलतुरा

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, असं कोणी विचारलं तर मी गडबडतो. एका रायफलीचा तपास मात्र तसाच्या तसा राहिला आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, मला बक्षीसही मिळालं नाही. तरी लिहायला बसलो तर पेन आधी तिकडेच वळलं.

मी मूळचा लातूरच्या पलीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्या काळी सातवीवर शिपाई म्हणून घेत असत. उंची बसली, छाती बसली आणि खात्याने मला घेतलं. ते उपकार मी अजून मानतो. पण त्यातूनच एक भीती मनात बसली, की काही चुकलं तर हे लोक काढून टाकतील आणि मग आपल्याला कोण उभं करणार? म्हणून मी प्रत्येक नोंद दोनदा वाचायचो आणि मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघायचो. सोबतचे हसायचे.

पहिली काही वर्षं मुख्यालयाच्या शस्त्रागारात काढली. नंतर बदल्या होत होत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस शहापूर-मुरबाड भागातल्या एका ठाण्यात हवालदार म्हणून आलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. बायको-मुलं गावाकडे होती, कारण आई-वडील थकलेले आणि शेतीला घरचं माणूस हवं. मी पोलीस लाइनीतल्या एका खोलीत राहायचो. ड्यूटी संपली की बोलायला कोणी नसायचं. सुटीच्या दिवशीही मी ठाण्यात येऊन बसायचो. साहेबांना वाटायचं, या माणसाला कामाचा फार उत्साह.

निवडणुका लागल्या होत्या. निवडणूक आली की परवानाधारकांनी आपली शस्त्रं ठाण्यात जमा करायची, निकाल लागल्यावर परत न्यायची, अशी पद्धत. नोटिसा गेल्या होत्या आणि रोज दोन-चार बंदुका येत होत्या. बहुतेक ठासणीच्या, पिकाच्या राखणीच्या परवान्यावरच्या. मी त्या घ्यायचो, पावती द्यायचो, चिठ्ठी बांधून ठेवायचो.

एका रविवारी दुपारी पस्तिशीचा एक माणूस ठाण्यात आला. नोकरीनिमित्त कल्याणला राहायचा. म्हणाला, "वडिलांची रायफल घरात नाही. उद्या तुमच्याकडे जमा करायची होती. कपाट रिकामं आहे."

रायफल म्हटल्यावर आमचे फौजदार साहेब खुर्चीतून उठले. साहेब तरुण, पदवीधर, नवीनच आलेले. ऐन निवडणुकीत एक रायफल बेपत्ता म्हणजे वरून फोन सुरू होणार, हे त्यांना माझ्या आधी कळलं.

घर सापगावच्या पुढे, मुरबाड रस्त्यापासून आत. कौलारू, पुढे ओटी, मागे पडवी, दारात भाताच्या पेंढ्याची उडवी. रायफलीचे मालक पंच्याहत्तरीचे, बायको वारून बरीच वर्षं झालेली. गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तेच म्हणतो. तात्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाने त्यांना कल्याणला नेलं होतं. दहा दिवसांनी त्या सकाळीच परत आणलं, आणि कपाट उघडलं तर हा प्रकार.

रायफल म्हणजे पॉइंट तीनशे पंधराची, ठासणीची नव्हे, बोल्ट मागे ओढून काडतूस भरायची. परवाना तात्यांच्या वडिलांच्या वेळचा, शिकारीचा. शिकार कायद्याने बंद झाली तरी परवाना दर वेळी नवा होत राहिला. रायफल उडाली नव्हती कित्येक वर्षं, पण दर रविवारी सकाळी ओटीवर सतरंजी टाकून ती साफ केली जायची. समोरासमोर दोघं बसायचे, तात्या आणि त्यांचा गडी.

"न उडवलेली बंदूक दर आठवड्याला पुसायची," मुलगा वैतागून म्हणाला. "दोन-दोन तास. मी आलो तरी तेच."

हा गडी डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा, पन्नाशीचा. पंचवीस वर्षं तात्यांकडे होता. बायको गेलेली, मुलगा-सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. तात्या कल्याणला असताना घरात तो एकटाच होता आणि कपाटासकट घरातल्या सगळ्या किल्ल्या त्याच्या करगोट्याला होत्या. साहेबांना आणखी काय हवं?

"रायफल कुठाय?"

"मला नाय म्हाईत साहेब."

"किल्ली तुझ्याकडे, घर तुझ्या ताब्यात. उडून गेली?"

"नाय म्हाईत."

तात्या ओटीवर खांबाला टेकून बसले होते. पट्टी नसलेल्या डोळ्याने आवाजाच्या दिशेला बघत म्हणाले, "तो नेणार नाय. नेली असती तर मला सांगून नेली असती."

मुलाने कपाळावर हात मारला. गडी खाली मान घालून उभा होता. तात्या बोलले तेव्हा त्याची मान आणखी खाली गेली, हे मी बघितलं. साहेबांनीही बघितलं. आम्ही दोघांनी त्याचा एकच अर्थ काढला आणि तो चुकीचा होता.

पंचनामा मी लिहिला. कपाटात रायफल तेलाची बाटली, पितळी ब्रश आणि चिंध्यांचा रिकामा पत्र्याचा डबा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ट्रंकेत, वेगळ्या कुलपात. साफ करायची जागा आणि काडतुसाची जागा एक असू नये, हा नियम तात्यांनी पाळला होता. पाकिटातलं एक काडतूस कमी होतं. मी सगळं व्यवस्थित लिहिलं, दोनदा वाचलं. जे नव्हतं ते मात्र लिहायचं राहिलं. शस्त्रागारात वर्षं काढलेल्या माणसाच्या ध्यानात ते यायला हवं होतं.

गुन्हा दाखल झाला. गड्याला अटक केली, दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभं केलं, पोलीस कोठडी मिळाली. चौकशी साहेब करायचे, मी बाजूला जबाब लिहायला. तीन दिवस कागदावर तीच ओळ येत होती, नाय म्हाईत. कोणाला विकलीस? नाय म्हाईत. कोणत्या टोळीला दिलीस? टोळी म्हणजे काय हेच त्याला कळेना. काडतूस कशाला घेतलंस? यावर तो ओठ मिटायचा.

तो स्वतःहून विचारायचा ते एकच. "साहेब, तात्यांच्या डोळ्यात थेंब कोन घालतंय?"

"गप बस."

"दिसातून चार येळा घालायचं हाय. त्यांचा हात हालतो. बाहेरच पडतंय सगळं."

"नाटकं करतोय," साहेब म्हणाले.

मला ते नाटक वाटलं नाही. पण मी बोललो नाही. सातवी शिकलेल्या हवालदाराने पदवीधर साहेबांना काय सांगायचं, ही माझी नेहमीची अडचण. शिवाय काडतूस गेलेलं होतं. रायफल आणि काडतूस दोन्ही बाहेर कोणाच्या तरी हातात आहे, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. कोणी मेलं तर नोंदवहीत माझंही अक्षर असणार होतं.

चौथ्या दिवशी समन्स बजावायला मुरबाडला गेलो. काम झाल्यावर एसटी स्टँडजवळच्या पानवाल्याकडे थांबलो. हा माझा जुना माणूस. खबऱ्या म्हणणं त्याला आवडत नसे. चुना लावता लावता तो सगळ्या बाजाराची बातमी सांगायचा.

"दादा, तुमचा तो बंदूकवाला पकडला ना, त्याचा फोटू बघितला मी पेपरात. तो हितं आला व्हता की गेल्या बाजारी."

"काय करत होता?"

पानवाला हसायला लागला. "अवो, येडाच हाय तो. जनरल स्टोअरवाल्याकडं गेला नि बोलतो, फुलतुरा हाय का? त्याने पाठवला फुलवाल्या मावशीकडं. मावशी विचारते, नवरदेवाला पायजे का करवल्याला? तर बोलतो, गो मावशे, तसला नाय, लांब दोरीचा पायजे. मावशी बोलते, दोरीचा फुलतुरा बैलाला घालतात रे, बैल हाय का तुझ्याकडं? आख्खा बाजार हसला. तसाच गेला बिचारा."

मीही हसलो. ठाण्यात येऊन साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी टेबलावर पेन्सिल आपटली. "म्हणजे लग्न आहे त्याच्या घरात. खर्चाला रायफल विकली. पाड्यावर जाऊन लग्न कोणाचं ठरलंय ते काढा."

मी "होय साहेब" म्हणून बाहेर आलो. आत शस्त्रांच्या खोलीत बंदोबस्तासाठी आमच्या रायफली साफ करायचं काम चालू होतं. एक शिपाई दुसऱ्याला म्हणाला, "फुलतुरू फेक रे इकडे."

मी दारातच थांबलो.

ज्यांनी बंदूक हाताळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायफलीची नळी आतून पुसायला एक लांब दोरी असते. एका टोकाला पितळेचं वजन, दुसऱ्या टोकाला फास. फासात मऊ कापडाची चिंधी अडकवायची, वजन मागच्या बाजूने नळीत सोडायचं आणि पुढून दोरी एका दमात सरळ ओढायची. इंग्रजीत तिला पुल-थ्रू म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आमचे उस्ताद फुलत्रू म्हणायचे, आम्ही फुलतुरू, आणि गावागावांतले जुने बंदूकवाले फुलतुरा. आमचे साहेब इंग्रजी चांगलं बोलायचे. ते नीट पुल-थ्रू म्हणायचे, म्हणून बाजारातल्या त्या गोष्टीत त्यांना तो शब्द ऐकू आला नाही. मला तरी कुठे पहिल्यांदा आला? मी लग्नाच्या हारातच अडकलो होतो.

मी पंचनाम्याची प्रत काढली. तेल होतं, ब्रश होता, रिकामा डबा होता. फुलतुरू नव्हता. रायफल चोरणारा माणूस तिची पुसायची दोरी कशाला नेईल? आणि नेली असेल तर बाजारात दुसरी कशाला मागेल? दोरी तुटली असेल तरच. आणि ती तुटते कुठे, हे मला चांगलं माहीत होतं.

भरती झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझीही तुटली होती. नळी लवकर चकाचक व्हावी म्हणून मी चिंधी दुहेरी घेतली. मधे जाऊन अडकली. घाबरून हिसका दिला आणि दोरी हातात आली, चिंधी आत. खात्यात हा मोठा गुन्हा धरतात, साहेबांपुढे पेशी होते. मी ती रायफल घेऊन संडासाच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो. वाटलं, आता घरी जायचं. वडिलांना काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. रायफल विहिरीत टाकावी असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू? शस्त्रागाराच्या उस्तादांनी मला तिथे पाहिलं. काही न विचारता रायफल घेतली, चिंधी काढून दिली आणि एवढंच म्हणाले, "कापड जाड घेतलंस." त्यांनीच मग मला शस्त्रागारात ओढून घेतलं. आज मी जो काही आहे तो त्या माणसामुळे.

कोठडीतला माणूस संडासाच्या मागे उभा आहे, हे मला तेव्हा कळलं.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, मला पाच मिनिटं त्याच्याशी बोलू द्या. तुम्ही समोर बसा. चुकलं तर माझं चुकलं." एवढं लांब वाक्य मी त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बोललो असेन.

गड्याला आणलं. मी त्याला खाली नव्हे, बाकावर बसवलं. विचारलं, "चिंधी कसली घेतलीस?"

त्याने एकदम वर बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"डब्यातल्या संपल्या होत्या ना? मग कसली घेतलीस?"

"चादरीची," तो म्हणाला. "माझ्या. थंडीच्या."

"जाड होती?"

"जाड चांगली पुसंल, असं वाटलं." आणि मग तो रडायला लागला. मोठ्याने नाही. नाक पुशीत, घाईघाईने, जणू आम्ही थांबवू असं त्याला वाटत होतं. "तात्यांनी सांगितलं व्हतं, मी नसताना हात लावायचा नाय. पन रयवार आला. घरात कोनी नाय. बसायचं तरी काय करत? आमी रयवारी तेच करतो ना. म्हनलं, तात्या येतील तवा चकचकीत दिसंल. ती मधीच बसली. वढली तर दोरी तुटली."

साहेब हळूच म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तात्यांना कळलं असतं."

"अरे, तू चोरीत आत आहेस. तुला शिक्षा होईल."

"व्हय," तो म्हणाला. "पन बंदूक मी बिघडवली, हे तात्यांना कळलं असतं."

मी विचारलं, "आता आहे कुठे ती?"

बाजारात फुलतुरा न मिळाल्यावर त्याने रायफल गोणपाटात गुंडाळून मुरबाडच्या पलीकडे मेव्हण्याकडे नेली होती. मेव्हणा लोहारकाम करायचा, कोयते-विळे घडवायचा. त्याने सांगितलं, ठेवून जा, काढतो. तात्या यायच्या आत परत आणून ठेवायची, असा बेत. तात्या मात्र दोन दिवस आधीच आले.

"आणि काडतूस?"

"मेव्हणा बोलला, सळईनं नाय निघाली तर बार काढू. बारानं निघंल."

मी उभा राहिलो. नळीत चिंधी अडकलेली असताना गोळी झाडली की पुढे वाट नसते. नळी फाटते आणि ती फाटते ती धरणाऱ्याच्या हातापाशी, तोंडापाशी. मी मुख्यालयात तशी एक नळी पाहिली होती, केळ्याच्या सालीसारखी उलगडलेली. तापवूनही चालत नाही, पोलाद मऊ पडतं. हे सगळं मी साहेबांना जिन्यावरून उतरता उतरता सांगितलं. निवेदन पंचांसमोर घेतलं, आणि ते वाळायच्या आत जीप निघाली. गडी माझ्या शेजारी बसला होता. त्याला आत्ता कुठे समजलं होतं, की मेव्हण्याचा जीव जाऊ शकतो. सबंध वाटेत तो एकच म्हणत होता, "मला नाय म्हाईत व्हतं. मला खरंच नाय म्हाईत व्हतं." या वेळी ते जबाबात लिहायची गरज नव्हती.

लोहाराचं घर ओढ्याकाठी होतं. आम्ही पोचलो तेव्हा भाता चालू होता. निखाऱ्यात एक लांब सळई लाल होत होती. रायफल लाकडाच्या ठोकळ्यावर आडवी, आणि तिचं तोंड बरोबर घराच्या दाराकडे, जिथे त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. मी आधी रायफल उचलून तोंड ओढ्याकडे केलं, बोल्ट उघडला, आत बोट घालून पाहिलं. काडतूस भरलेलं नव्हतं. 

"काडतूस कुठाय?"

लोहाराने सदऱ्याच्या खिशातून काढून दिलं. गड्याच्या हातातल्या बेड्यांकडे, जीपकडे बघत तो म्हणाला, "दोन दिस सळई घालतोय. हालत नाय. आज जेवून उठलो का उडवनार व्हतो."

त्याची बायको म्हणाली, "मी बोलत व्हते, ज्याची हाय त्याला देऊन टाका. माझं कोन ऐकतंय?"

रायफल ठाण्यात आणली. साहेबांनी पंचांसमोर माझ्याकडूनच ती मोकळी करून घेतली, म्हणजे अडथळा काय होता याची नोंद राहील. बोल्ट काढून बाजूला ठेवला. मागच्या बाजूने नळीत तेल सोडलं आणि तसंच मुरू दिलं. घाई केली की चिंधी आणखी घट्ट बसते. दोन तासांनी पितळी गज घालून हलक्या हाताने ठोकत नेली. आधी तुटलेल्या दोरीचं टोक आलं, मग निळ्या रेघांची चादरीची चिंधी, गोळा झालेली, तेलाने काळी पडलेली. कोरड्या मऊ कापडाने नळी पुसली, मग तेलाचा हात फिरवला, उजेडाकडे धरून पाहिली. लोहाराच्या सळईने थोडे ओरखडे पडले होते. बाकी नळी इतकी स्वच्छ होती, की आमच्या ठाण्यातली एकही तशी नव्हती. वीस-पंचवीस वर्षांचे रविवार होते तिच्यात.

चोरीचा गुन्हा टिकणार नव्हता. नेण्यात चोरीची बुद्धी नव्हती. साहेबांनी तसा अहवाल पाठवायचं ठरवलं. पण परवाना नसताना रायफल बाळगली, नेली, दुसऱ्याला दिली, ते कलम उरत होतं. परवानाधारकाची लेखी चिठ्ठी जवळ असती तर दुरुस्तीला नेता आली असती. तात्यांना हे कोणीतरी सांगितलं असावं. ते निरोप पाठवून म्हणाले, चिठ्ठी देतो, मागची तारीख घालून. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नको साहेब. खोटी तारीख एकदा घातली की खरं सांगितलेलंही खोटं ठरतं." हे बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण त्यामुळे तो माणूस पुढे दोन वर्षं तारखांना येत राहिला, तेव्हा कुठे सुटला. लोहारही. त्यांना कोर्टाच्या आवारात बघितलं की मी रस्ता बदलायचो.

जामिनाच्या दिवशी मी कोर्टात होतो. त्याला जामीन राहायला कोण येणार, हा प्रश्नच होता. मुलगा भट्टीवर, पाड्यावर म्हातारी माणसं. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाकावरून तात्या उठले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी, पिशवीत सातबारा. गावातून एकटेच एसटीने आले होते. कल्याणच्या मुलाला कळवलं नव्हतं. सरकारी वकील माझ्या कानाशी म्हणाले, "ज्याची रायफल गेली तोच जामीन?" मी मान हलवली.

कागद झाले. दोघं पायऱ्यांवर आले. गडी दोन हात अंतर ठेवून उभा राहिला. मी बाजूला होतो, पण ऐकू येत होतं.

तात्या म्हणाले, "चिंधी जाड घेतलीस."

"व्हय."

"मला सांगायचं."

"तुमी रागावलं असतं."

"रागावलो असतो," तात्या म्हणाले. "मग?"

गडी म्हणाला, "थेंब घातलं का?"

"कोण घालणार? सगळे गालावर जातात."

गड्याने पिशवी घेतली, बाटली शोधली, तात्यांना तिथेच पायरीवर बसवलं. चष्मा काढला, मान मागे केली आणि दोन थेंब बरोबर आत सोडले. येणारे-जाणारे वकील वळसा घालून जात होते.

रायफल नंतर परत घरी गेली नाही. खटला चालू होता तोवर मुद्देमाल म्हणून आमच्याकडे राहिली, आणि पुढे मुलाने तात्यांकडून परवानाच सोडून देण्याचा अर्ज करवून घेतला. माझी बदली होईपर्यंत महिन्यातून एकदा मी ती पुसायचो, चिंधी नीट मापून. दर वेळी वाटायचं, हे काम माझं नाही, ज्यांचं आहे ते दोघं सापगावच्या पुढे एका ओटीवर रिकाम्या हातांनी बसले असतील.

या तपासाने मला शिकवलं ते मी पुढे सगळ्या नोकरीत वापरलं. सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो तोवर. आरोपी समोर आला की सगळे विचारतात, माल कुठे आहे. मी आधी विचारायचो, "तुला रागावणारं कोण आहे?" शिकलेले साहेब हसायचे. कधी त्यातून काही निघायचं नाही, माणूस नुसता बघत राहायचा. पण पुष्कळदा एखादं नाव यायचं, आईचं, मालकाचं, थोरल्या भावाचं, आणि त्या नावामागे सगळी हकिगत असायची. कायद्याला भिणारी माणसं मी कमी पाहिली. माणसं एखाद्या माणसाला भितात, आणि बहुतेक वेळा तो माणूस त्यांना टाकणार नसतो.

त्या दिवशी पायऱ्यांवरून ते दोघं एसटी स्टँडकडे निघाले. गड्याने तात्यांचं कोपर धरलं होतं आणि तात्या रस्ताभर त्याला बोलत होते. चादर फाडलीस ती फाडलीस, आता थंडीत काय पांघरशील, मेव्हणा काय शहाणा आहे का, काडतुसाची ट्रंक कोणाला विचारून उघडलीस. गडी व्हय, व्हय म्हणत चालला होता. वळणापर्यंत आवाज येत होता. मी कोर्टाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. मग खोलीवर गेलो. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा हेवा वाटला. त्या सबंध तालुक्यात मला रागावणारं कोणी नव्हतं.